जाळलेल्या दोराचं भांडण

यंदा चैत्र लागला आणि आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं. चंद्रपूरच्या उन्हात माणसं सावली शोधतात, तशी माश्यांनीही शोधली असणार. मुलाने मोहोळ काढणारा माणूस बोलावला. तिशीतला, अंगाने काटक. कमरेला जाड पट्टा होता, पण पट्ट्याचं बक्कल उघडंच लोंबत होतं. मी खालून ओरडले, "बाबू, बक्कल लाव ना रे." तो हसला. म्हणाला, "रोजचंच काम हाय आजी. काई होत नाई." आणि खरंच काही झालं नाही. मोहोळ निघालं, तो चहा पिऊन गेला. मी मात्र दिवसभर अंगात ताप असल्यासारखी पडून राहिले.

काही होत नाही, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान थकलेत. सुनेला वाटलं ऊन लागलं. तिने कैरीचं पन्हं करून दिलं. आता तिला काय सांगू? ऊन बाहेरचं नव्हतं, फार जुन्या चैत्रातलं होतं.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. एटापल्लीच्या अलीकडे, जंगलाने पोटात घातल्यासारखं आमचं गाव होतं. पावसाळ्यात नाले भरले की जगाशी संबंध संपला. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती म्हणतात. आमच्याकडे ते बैलगाडीने येत होतं. धानाची थोडी शेती आणि उरलेलं वर्ष जंगलाच्या भरवशावर. मोहफुलं संपत आली की मधाचा हंगाम. हवेत मोहाचा आंबूस गोड वास, पायाखाली वाळला पाला, आणि दुपारी इतकी शांतता की घारीच्या कड्यावरच्या माश्यांचा घूं घूं आवाज अंगणात ऐकू येई. तो आवाज सुरू झाला की गावातल्या काही घरांतल्या बायका कमी बोलू लागत. त्या घरांतले पुरुष मधासाठी दोराने कड्यावरून उतरणारे होते. माझं घर त्यांतलंच.

नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही, म्हणून इथेही त्यांना मालकच म्हणते. मालक गावातले पहिले उतरणारे. म्हणजे हंगामाचा पहिला दोर त्यांचा. त्यांनी मध आणल्याशिवाय दुसऱ्याने कड्याखाली पाय सोडायचा नाही. मला चौथीपर्यंतचं शिक्षण होतं आणि त्याचा मला फार तोरा होता, पण गावात मला कोणी ओळखत असेल तर पहिल्या उतरणाऱ्याची बायको म्हणून. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं.

उतरण्याचे नियम होते, आणि ते वेडगळ नव्हते. दोर माहुलीच्या वेलाच्या सालीचा. ज्याचा जीव त्यावर लोंबणार, त्यानेच साल सोलायची, भिजवायची, वळायची. दरवर्षी नवा दोर, आणि हंगाम संपला की जुना दोर पहिल्या पुरात नदीला द्यायचा. कड्याच्या टोकावरून कोणी मागे फिरला तर त्याला कारण विचारायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. वरच्या येनाच्या झाडाला दोर बांधला की गाठीपाशी पाय रोवून बसायचा तो उतरणाऱ्याचा साळाच. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो डुलकी घेणार नाही, असा हिशेब.

आणि एक नियम असा होता की दुसऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही. चाचपून बघायचा नाही, बरा की वाईट बोलायचं नाही. ते अपशकुनी, आणि त्याहून जास्त अपमानाचं. एखाद्याच्या भरल्या ताटात बोट घालून मीठ बरोबर आहे का विचारण्यासारखं. साळा गाठ बघू शकत होता, झाड बघू शकत होता, दोर नाही.

बायकांसाठीचे नियम वेगळे. नवरा उतरत असेल त्या दिवशी केस विंचरायचे नाहीत, जातं ओढायचं नाही, अंगण झाडायचं नाही, उंबरठ्यावर बसायचं नाही. त्याला काही झालं तर पहिला प्रश्न बायकोला. आमच्या शेजारी सगुणाबाई राहायची. तिचा नवरा मी लग्न होऊन येण्याच्या आधी कड्यावरून पडला. तो का पडला हे कोणी दोराला विचारलं नाही. सगुणाबाईने त्या सकाळी अंगण झाडलं होतं, हे मात्र गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती बिचारी नंतर जन्मभर झाडू हातात घेताना इकडेतिकडे बघायची. मी तिच्याकडून पाणी आणायला शिकले, मोहफुलं वाळवायला शिकले, आणि गप्प बसायलाही शिकले. ते शेवटचं मला नीट जमलं नाही.

त्या वर्षी फाल्गुनात मालकांना हिवताप आला. थंडी भरली की खाट वाजायची. ताप उतरेपर्यंत साल सोलायचे दिवस निघून गेले. हातात इतकाही जोर नव्हता की दोर वळावा, आणि दुसऱ्याकडून वळून घेणं नियमात नाही. त्यांचा मागच्या वर्षीचा दोर मात्र घरातच होता. तो त्यांनी नदीला दिला नव्हता. इतका सुरेख दोर पुन्हा होणार नाही म्हणत त्यांनी तो चुलीवरच्या माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. मी तेव्हा विचारलं होतं. म्हणाले, "राहू दे. बैलं बांधाले होईन." बैलं बांधायला कोणी इतक्या मायेने दोर गुंडाळत नाही.

चैत्रात त्यांनी तो खाली काढला. धुराने काळाभोर झालेला. "धुरानं पक्का झाला," म्हणाले.

नेमका तेव्हाच माझा धाकटा भाऊ गणपत सुटीवर आला. तो सैन्यात होता, छत्रीच्या पलटणीत. विमानातून उडी मारायची, पाठीवरची छत्री उघडते आणि माणूस तरंगत जमिनीवर येतो, असं त्याने सांगितलं तेव्हा आमच्या गावाने विमान फक्त आभाळात रेघेसारखं पाहिलेलं. संध्याकाळी अंगणात माणसं जमली. बुधाजी आले, जे स्वतः एकेकाळी पहिले उतरणारे होते आणि आता गुडघ्यांमुळे कड्याचा निवाडा तेवढा करत. गणपत सांगत होता, की दारात उभं राहायच्या आधी सगळे एकामागे एक उभे राहतात, आणि मागचा पुढच्याच्या पाठीवरचे पट्टे, गाठी, सगळं हाताने तपासतो.

"म्हंजे एकामेकावर भरवसा नाई का तुमचा?" मालकांनी विचारलं. सगळे हसले.

"भरवसा हाय म्हनून तं पाठ देतो, भाटवे," गणपत म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात. "आपली पाठ आपल्याले दिसत नाई ना."

बुधाजींनी विचारलं, "अन् ज्यानं लय उड्या मारल्या, त्याचीबी तपासता?"

"त्याचीच जास्त. नवा मानूस भेतो, म्हनून तो आपल्या हातानं धा वेळा पाह्यते. जुन्याले सवय होते. उस्ताद म्हनतात, सवय झाली का डोये बंद होते."

पट्टीचा पोहणाराच बुडतो, हे आमच्या गावालाही माहीत होतं. पण म्हणी दुसऱ्यांसाठी असतात. त्या संध्याकाळी सगळ्यांना गणपतचं बोलणं पटलं, आणि कोणालाही ते आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक अंगणात दोर उलगडून बसले. परवा पहाटे उतरायचं ठरलं होतं. बुधाजी कुडाच्या सावलीत बसले होते, मी दारात मोहफुलं निवडत होते. गणपत आला, उकिडवा बसला, आणि सैन्यातल्या सवयीने त्याने दोर तळहातावर घेऊन सरकवायला सुरुवात केली. हात एका जागी थांबला, पुढे गेला, परत मागे आला. बुधाजींनी मान दुसरीकडे वळवली, कोणी उघडं न्हात असावं तशी.

"गणपत, हात काढ," मालक म्हणाले.

"भाटवे, हा मांगच्या सालचा हाय."

"हात काढ म्हनलं ना."

त्याने हात काढला. पण उठला नाही. "इथी नरम लागून राह्यला. मले पक्कं सांगता येत नाई. पन मी या दोरावर तुमाले सोडत नाई."

"तुले काय समजते माहुलीतलं? तू कापडाच्या छत्रीवाला. मी किती साल उतरून राह्यलो, ठावं हाय ना? काई झालं का आजपर्यंत?"

"नाई झालं."

"मंग?"

जो पडला नाही, त्याला तू पडशील हे कसं पटवून द्यायचं? त्याच्या बाजूने त्याचं सगळं आयुष्य साक्षीला उभं असतं.

गणपत उठून उभा राहिला. "मंग मी गाठीपाशी बसत नाई," म्हणाला.

अशी गोष्ट गावात कोणी ऐकली नव्हती. साळ्याने नाही म्हणायचं म्हणजे कड्याखाली लोंबणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर नाकारायचं. मालकांचा चेहरा तापातून उठल्यावर होता त्याहून पांढरा पडला. ते बुधाजींकडे बघत म्हणाले, "हा नाई बसत, तं याच्या काक्याचा पोरगा बसंन. तोबी साळाच हाय."

बुधाजी बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांना दिसत होतं. नदीला न दिलेला दोर कोणता आणि नवा कोणता, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? पण ते म्हणाले, "ज्याचा दोर त्याले ठावं. मी काई बोलत नाई." आणि काठी टेकत गेले.

त्यांच्यावर मला तेव्हा भयंकर राग आला. आज येत नाही. नियम चांगलेच होते. आपल्या जिवाची जबाबदारी आपल्या हाताने वळायची, दुसऱ्याने लुडबुड करायची नाही, यात वाईट काय? पण चांगल्या नियमाच्या आडोशाला उभं राहिलं की माणसाला डोळे मिटून घेता येतात. मागे फिरायचा नियम तर सगळ्यात चांगला होता. मालकांना तो पाळता आला असता. कोणी हसलं नसतं, कोणी कारण विचारलं नसतं. फक्त त्या हंगामापुरतं दुसरं कोणीतरी पहिलं उतरलं असतं. तेवढंच त्यांना नको होतं.

मी त्यांना विचारलं, "नाई उतरले एक साल, तं काय होते?"

"तू मंधात पडू नोको. बायकाईचं काम नोहे."

बायकांचं काम काय ते मला माहीत होतं. केस न विंचरता बसून राहणं. आणि दोर तुटला तर उभ्या गावाच्या प्रश्नाला उत्तर देणं, की बाई, तुझ्याकडून काय चुकलं? मी सगुणाबाईच्या अंगणाकडे बघितलं. ती वाळवणाशी बसली होती, आमच्या घरातला शब्द न् शब्द तिने ऐकला होता, आणि ती वर बघत नव्हती. मला एकदम वाटलं, खापर माझ्यावर फुटणार असेल, तर दोर मी का बघू नये? आणि बघून मला काय कळणार होतं? गणपतला कळलं नव्हतं पक्कं. मालकांना कळून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कड्याच्या देवाला नारळ द्यायला गेले. उतरायच्या आदल्या दिवशी जायचंच असतं. गणपत नदीवर आंघोळीला गेला होता. मी माळ्यावरून दोर ओढला, अंगणात टाकला आणि कुऱ्हाडीने तोडायला लागले. वाटलं होतं पटकन होईल. कसलं काय! वळलेली साल घावाखाली उसळते, कुऱ्हाड बाजूला घसरते. माझे दंड भरून आले. मी रडत होते की घामाने डोळे चुरचुरत होते, कोण जाणे. सगुणाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, ओरडेल. तिने कुंपणावरून हात लांब करून दुसरं टोक ताणून धरलं, म्हणजे घाव नीट बसावा.

तुकडे चुलीत घातले. आंबिलीचं मडकं त्यावर ठेवलं, कारण चूल पेटलीच होती. लोक मला नंतर कितीदा तरी विचारायचे, आत काळा पडला होता का? कुजला होता का? मी बघितलं होतं. एका ठिकाणी साल भुरभुरीत वाटली. पण कुऱ्हाडीच्या घावाखाली कुठलीही साल भुरभुरीतच होते. मला ठाऊक नाही. मला ठाऊक असतं तर माझं पुढचं आयुष्य फार सोपं झालं असतं.

मालक आले. वास त्यांना वाटेवरच आला असणार. दारात उभे राहिले, चुलीकडे बघितलं, माळ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी जाळला. मीच." मला मार पडेल असं वाटलं होतं. त्यांनी हात उचलला नाही. खाली बसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माझ्या उभ्या संसारात मी त्यांना एवढं एकदाच रडताना पाहिलं. ते जिवासाठी रडत नव्हते. त्या दोरासाठी रडत होते.

त्या हंगामात दुसराच माणूस पहिला उतरला. त्याने रीतीप्रमाणे आमच्याकडे मधाचं गाडगं पाठवलं. मालकांनी त्याला बोट लावलं नाही. मी पोरांना भाकरीबरोबर दिला आणि स्वतःही खाल्ला. मध मधच असतो.

गणपत सुटी संपायच्या आधीच निघून गेला. जाताना भाटव्याच्या पाया पडला, भाटव्याने पाय मागे घेतले. मला म्हणाला, "बाई, तुनं काऊन जाळला? मी नाई म्हनलं होतं ना." म्हणजे त्यालाही वाटत होतं, आपलं नाही पुरेसं आहे. पुरुषांना आपलं 'नाही' फार मोठं वाटतं.

पुढच्या वर्षी मालकांनी नवा दोर वळला, उतरले, पहिल्यासारखेच पहिले. गुडघे थकेपर्यंत उतरत राहिले. काही झालं नाही. त्यांनी जुना दोर घरी मात्र पुन्हा ठेवला नाही. माझी धास्ती की स्वतःचं शहाणपण, हे मी विचारलं नाही.

गंमत पुढेच आहे. सगळं तपासणारा गणपत एका उडीत जायबंदी झाला. पट्टे बरोबर, गाठी बरोबर, छत्री नीट उघडली. जमिनीजवळ वारा फिरला आणि त्याला दगडांत नेऊन आपटलं. पाय कायमचा अधू झाला. त्याला आणायला चांद्याला मालकच गेले. मोटारीतून उतरवताना खांदा दिला आणि म्हणाले, "येवढं तपासून काय झालं बाबू?" गणपत दुखण्यातही हसला. म्हणाला, "वारा नाई तपासता येत, भाटवे."

मग काय, गावाला म्हणच मिळाली. तपासणारा लंगडा झाला आणि न तपासणारा धडधाकट फिरतो. लग्नात, तेराव्याला, तेंदूच्या पानांचे पुडे बांधताना, कुठेही ही गोष्ट निघायची आणि माणसं माझ्याकडे बघून हसायची. जे झालं त्याची गोष्ट होते. जे झालं नाही ते कोणाला दाखवू? गणपतशी याबद्दल बोलावं तर तो म्हणायचा, "मी तपासलं म्हनून पायच गेला, बाई." तेही मला पटायचं नाही. तेही कोणाला ठाऊक? मी कंटाळून गेले होते या सगळ्या हिशेबांना.

आणि घरात मालक. दोन माणसं चहाला बसली की त्यांचं सुरू. "आमच्या हिनं सोन्यासारखा दोर जाळला." मी सुरुवातीला भांडायचे. सगुणाबाईचं नाव काढायचे, गणपतचं काढायचे. मग वर्षं गेली तशी नुसती भांडी आपटायचे. मग तेही सोडलं. पोरं शिकली, नोकरीला लागली, आम्ही गावातून चंद्रपूरला आलो, पण दोर काही सुटला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मी एका बालवाडीत कामाला लागले होते; तिथून थकून घरी आले की कधी कधी वाटायचं, यांचं हे तुणतुणं ऐकण्यापेक्षा कुऱ्हाड न उचललेली बरी होती. वाटायचं आणि मग स्वतःचीच भीती वाटायची.

मालक खाटेवर गेले. म्हातारपणाने. नातवंडं आजूबाजूला, वर पंखा फिरतोय, अशा बेताने. शेवटच्या दिवसांत त्यांचं बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. त्यांनी तोंड फिरवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "खरं सांग. तो दोर तुटला असता का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला कधीच विचारला नव्हता. नेहमी सांगितलंच होतं. मी चमचा वाटीत ठेवला. त्यांच्या डोळ्यांत जिंकायची इच्छा अजून तशीच होती, त्या चैत्रात तापातून उठल्यावर होती तशी. माझ्याकडे खरं उत्तर नव्हतं, आणि भांडायची ताकदही नव्हती.

"नाई तुटला असता," मी म्हटलं. "लय पक्का होता."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. "पाह्य," म्हणाले, "मी म्हनत होतो ना," आणि आ करून पेजेची वाट बघू लागले.

आता इतके चैत्र गेले. मोहाचा वास इथे येत नाही, पण माझ्या नाकाला अंदाज आहे. घर दुपारी शांत असतं. कधी कधी वाटतं, कोणीतरी यावं, खाटेवर बसावं आणि मला म्हणावं, चांगला दोर जाळलास तू. मी लगेच भांडायला तयार आहे.